सामाईक विजेते

धुळ्याच्या या मैदानाला अजून तोच वास येतो. दसऱ्यानंतरच्या उन्हाने भाजलेल्या गवताचा, फक्कीच्या चुन्याचा, आणि रस्त्यापलीकडच्या गाडीवर भाजल्या जाणाऱ्या शेंगांचा. भिंतीकडेचे कडुलिंब मात्र कमी झालेत. त्यांच्या सावलीत पूर्वी आम्ही मुली बसायचो. आता तिथे मोटारसायकली बसतात. त्यांना सावलीची जास्त गरज असावी.

मला प्लास्टिकची खुर्ची दिली आहे. खुर्चीच्या मागे धाकट्याची गाडी, गाडीच्या डिकीत माझी बॅग. आज माझी बदली आहे. गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत मी धुळ्याला, देवपुरात, धाकट्या अनिलकडे असते. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत जळगावला, मेहरूणला, मोठ्या सुनीलकडे. यंदा नातीची, म्हणजे सुनीलच्या ऋतुजाची फुटबॉलची फायनल नेमकी धुळ्यात निघाली. तेव्हा अनिलने भावाला फोनवर सांगितलं, "दादा, तू मॅचला येतोच आहेस ना, मग आईला ग्राउंडवरूनच घेऊन जा. वेगळी चक्कर कशाला." मी शेजारीच वाल सोलत होते. मला ऐकू कमी येतं असा सगळ्यांचा समज आहे. तो मी राहू दिलाय. फार उपयोगी पडतो.

मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर ढाल. खेळ सुरू व्हायला वेळ होता म्हणून मी काठी टेकत जवळ गेले, आणि एखादा जुना ओळखीचा माणूस दात काढून समोर यावा तसं झालं. शिसवी लाकूड, मध्ये पितळेचा सूर्य, भोवती वर्षावर्षाच्या छोट्या पट्ट्या. सूर्याचा एक किरण तुटलेला. खालच्या बाजूच्या एका पट्टीवर दोन कॉलेजांची नावं, जळगावचं आणि धुळ्याचं, आणि त्यांच्याखाली कोरलेले दोन शब्द: सामाईक विजेते.

ते शब्द माझे. फुटबॉलला कधी पाय न लावलेल्या एका बयेचे.

ती कशी होती सांगते. दोन वेण्या, वेण्यांना रिबिनी, आणि कपाळावर आलेली एक बट, जी आपोआप आल्यासारखी दिसावी म्हणून ती सकाळी आरशासमोर बराच वेळ घालवायची. जळगावच्या कॉलेजात ती एल.आर. होती. तेव्हा प्रत्येक कॉलेजात मुलींची एक प्रतिनिधी असायची, तिला एल.आर. म्हणायचे. दुसरी कोणी उभीच राहिली नाही म्हणून बया बिनविरोध आली होती, पण चालायची अशी की अख्खी जिल्हा परिषद तिच्या पदराला बांधली आहे. इंग्रजी शब्द वापरायची. ऑफसाइड म्हणजे मैदानाची सावलीकडची बाजू, असं तिला वाटायचं, आणि ते ती इतर मुलींना समजावूनही सांगायची.

फुटबॉल तेव्हा मुलगे खेळायचे. चेंडू चामड्याचा, त्याला बुटासारखी नाडी. डोक्याने मारला की कपाळावर नाडीचा ठसा उठायचा आणि पोरं तो ठसा दोन दिवस कुंकवासारखा मिरवायची. अंगाला मालिशच्या एम्ब्रोकेशनचा वास, तोंडात गूळ-शेंगदाणे. जळगावहून धुळ्याला यायचं तर एस.टी.च्या खिडकीतून आधी केळीच्या बागा, मग कापसाची राखाडी रानं, आणि पारोळ्याच्या स्टँडवर कढईतल्या भज्यांचा धूर. सगळी टीम गाणी म्हणायची. बया खिडकीशी बसून उदास दिसण्याचा सराव करायची, कारण धुळ्याच्या टीममध्ये डाव्या कडेने खेळणारा एक लेफ्ट-आउट होता.

त्याचं नाव सांगणार नाही. निळे मोजे घालायचा, एक वर, एक घोट्यावर घसरलेला. तो मोजा वर ओढायला वाकला की तिला वाटायचं, हे वाकणं माझ्यासाठीच. सायकलच्या चेनला वाकला असता तरी वाटलं असतं.

फायनल याच मैदानावर झाली. दोघांचे गोल सारखे, आणि शेवटी पांझरा नदीकडून अशी धूळ उठली की चेंडू कुठे आणि पोरं कुठे. शिट्टी वाजली ती कोणी वाजवली हेही दिसलं नाही. खेळ थांबला. बरोबरी.

मग जिमखान्याच्या खोलीत बैठक बसली. दोन्ही कॉलेजांचे प्राचार्य, ढाल देणारे तेल गिरणीवाले शेठ, धुळ्याची एल.आर. आणि आमची बया. चहा आला, शेव आली. बाहेर पोरं पायरीवर बसली होती, भुवया धुळीने पांढऱ्या, आत आपलं काय ठरतंय याची वाट बघत. आत बसलेल्यांपैकी एकाच्याही बुटाला माती नव्हती. नाणं उडवावं असं एकजण म्हणाले. शेठ म्हणाले, माझी ढाल म्हणजे काय मटका आहे का? मागच्या फेऱ्यांतले गोल मोजावेत असं धुळ्याचे प्राचार्य म्हणाले, कारण त्यांच्या पोरांनी एका दुबळ्या टीमला धुतलं होतं. आमचे प्राचार्य म्हणाले, तशी दुबळी टीम आम्हाला का दिली नाही? पुन्हा खेळवा, तर परीक्षा. मत घ्या, तर दोन विरुद्ध दोन, आणि पाचवे शेठ, ज्यांची सरकी दोन्ही गावांतून यायची.

तेव्हा बया उभी राहिली. बट कानामागे सारली.

"सर," ती म्हणाली, "विहिरीसारखं करू या."

तिचे वडील तलाठी. गाव पहूर. तिथे वडिलांची आणि काकांची एक विहीर होती, आणि सातबाऱ्यावर तिच्यापुढे लिहिलेलं असायचं, सामाईक. त्या विहिरीच्या कडेचं शेवाळ, दुपारी आत वाकलं की अंगावर येणारा गार, लोखंडी वास, खाली आपलंच काळं डोकं. तिला वाटायचं, किती सुंदर शब्द आहे हा. दोघांचं पाणी, भांडण नाही. म्हणून तिने ठराव लिहिला: दोन्ही संघ सामाईक विजेते, ढाल पहिल्या सत्रात जळगावला, दुसऱ्या सत्रात धुळ्याला. आमचे प्राचार्य मराठीचे. ते म्हणाले, "अगं, संयुक्त म्हण. सामाईक काय, बांध आहे का?" पण शेठनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांची मान सुटली होती, आणि कोरणाऱ्याने कागदावर होतं ते कोरलं.

ती बाहेर जाऊन पोरांना सांगायला लागली. निकाल सांगताना आवाज थोडा कापरा काढला होता, तोही सरावाचाच.

आमच्या कॅप्टनने विचारलं, "म्हणजे आम्ही जिंकलो?"

"दोघेही जिंकलो."

"हरलं कोण?"

"कोणीच नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. निळ्या मोज्यांचा पायरीवरून उठला, तोंडातली धूळ थुंकला, आणि तिच्याकडे पहिल्यांदाच, अगदी सरळ बघत म्हणाला, "मंग खेळनूत कसाले?"

मग खेळलो कशाला. तिच्या आयुष्यात त्याने तिच्याशी बोललेलं हे एकमेव वाक्य. तिने ते रात्री उशीखाली ठेवलं. त्यातला अर्थ वगळून, फक्त आवाज.

आणि खरं सांगायचं तर ढाल सामाईक करण्यामागे विहीर थोडी आणि मोजे जास्त होते. ढाल वर्षातून दोनदा इकडून तिकडे जाणार. कोणी तरी ती घेऊन येणार. कॅप्टन नाही तर लेफ्ट-आउट. जळगावच्या स्टँडवर कोणी तरी ती घ्यायला जाणार. एल.आर. नाही तर कोण? बया पावडर लावून, रुमालाच्या कोपऱ्यात भरतकाम करून स्टँडवर उभी राहिली. धुळ्याची गाडी लागली. केळीचे घड उतरले, कोंबड्यांची पाटी उतरली, एक बाळंतीण उतरली. सगळ्यांत शेवटी कॉलेजचा शिपाई उतरला, डोक्यावर बारदानाचं पोतं. पोत्यात ढाल.

"टीममधलं कोणी आलं नाही?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोन येवाव? एक जन व्हता, त्यानं लगीन व्हई गयं," शिपाई म्हणाला. "चहा पाजतंस का, आक्का?"

तिने चहा पाजला. वर भजीही खाऊ घातली. रुमालाने शिपायाने मिशा पुसल्या.

पुढे ढालीचं जे व्हायचं ते झालं. आमच्याकडे असताना पॉलिश करायचं म्हटलं की सर म्हणायचे, आता धुळ्याला जायचीच आहे, ते करतील. धुळ्यात असताना ते म्हणायचे, जळगावला पितळेची चांगली दुकानं आहेत. किरण तुटला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. पहूरच्या विहिरीचंही तेच चाललं होतं, फक्त बयेच्या डोळ्यांवर बट होती. पाणी दोघांचं, गाळ कोणाचाच नाही. उन्हाळ्यात तळ दिसायला लागला की काका म्हणायचे यंदा तुझी पाळी, वडील म्हणायचे मागच्या वर्षी कोणी काढला होता? शेवटी विहिरीत एक बाभूळ उगवली. तिचा पिवळा फुलोरा काठावरून दिसायचा. दिसायला फार छान.

माझा चष्मा चैत्रात तुटला. डावी काडी. अनिलची बायको म्हणाली, "जळगावला डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत, आई, तिकडे गेल्यावर करून घ्या." मी काडीला दोरा गुंडाळला. ढालीला तेवढंही कोणी केलं नव्हतं.

मॅच सुरू झाली. मुलींचा खेळ बघायला आता गर्दी असते, याचं मला अजून नवल वाटतं. ऋतुजा जळगावची गोलकीपर. शेवटचं वर्ष, शेवटची मॅच. पुढे फुटबॉल नाही, बँकेच्या परीक्षा आहेत, हे तिच्या बापाने ठरवलंय. तिला एकदा, फक्त एकदा, ती ढाल डोक्यावर उचलायची होती. चार वर्षं ती मेहरूणच्या तलावाकाठी पहाटे पळायला जायची, आणि परत आली की तिच्या अंगाला पाणवठ्याचा आणि घामाचा वास यायचा. मला तो आवडायचा. तिची आई म्हणायची, आधी अंघोळ कर.

गोल सारखेच राहिले. जादा वेळ दिला, तरी सारखेच. सूर्य कॉलेजच्या पाण्याच्या टाकीमागे गेला. प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. ते घड्याळाकडे असं बघत होते की घड्याळालाच अपराधी वाटावं. टेबलाभोवती माणसं जमली, चहा आला. शेवेऐवजी बिस्किटं, एवढाच काय तो बदल. नाणं, मागचे गोल, मत. तेच सगळं, त्याच क्रमाने. आणि मग क्रीडाशिक्षकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी माइक घेतला.

"आपल्या स्पर्धेची एक थोर परंपरा आहे. सामाईक विजेते. आणि ती सुरू करणाऱ्या त्या वेळच्या एल.आर. मॅडम आज आपल्यात बसलेल्या आहेत. त्यांनीच घोषणा करावी अशी मी विनंती करतो."

हे त्यांना कोणी सांगितलं? अनिलने. आईचा सत्कार झाला तर निरोपाला शोभा येईल असं वाटलं असेल. शाल आली. माझ्या शेजारचे एक म्हातारबाबा शेंगांची टरफलं झटकत माझ्याकडे वळले. "हाई बठ्ठं तुम्हनंच करेल शे का, आक्का?"

"हे सगळं माझंच," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. वय व्हतं ते," ते म्हणाले, मला माफ केल्यासारखे.

ऋतुजा मैदानातून तशीच आली, हातमोजे घातलेली, गुडघा सोललेला.

"आजी, ही आयडिया तुझी होती?"

"हो."

"तू खेळायचीस?"

"छे. मला ऑफसाइड म्हणजे सावली वाटायची."

"मग तुला कोणी विचारलं?"

"खेळणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं म्हणून मला विचारलं."

तिने ओठ चावला. "आजी, अर्धी ढाल नकोय मला. त्यापेक्षा हरेन."

"बघ हं. हरलीस तर पूर्ण हरशील."

"चालेल."

मी माइक घेतला. या वेळी सराव न करता. म्हटलं, "पेनल्टी मारा."

क्रीडाशिक्षक हसले. "मॅडम, पेनल्टी म्हणजे शेवटी नशीबच ना. पोरींवर अन्याय होईल."

"होऊ द्या. नशीब असलं तरी मारणारीच्या पायाचं असेल. तुमच्या कपबशीतलं नसेल. ज्याला विजेता ठरवायचाय त्याने बुटाला माती लावावी. कोणी तरी जिंकू दे आणि कोणी तरी घरी जाऊन रडू दे. उद्या निदान दोघींना कळेल की काल काय झालं होतं."

पाहुणे खाली बसले. त्यांना बसावंच लागलं, कारण पोरी आधीच गोलपोस्टकडे पळत सुटल्या होत्या, दोन्हीकडच्या.

मग ते झालं जे होतं. बॉल ठेवायचा, मागे सरायचं, सगळं मैदान श्वास धरणार, पायाचा ठप्प असा आवाज. एकदा ऋतुजाने अडवला, एकदा त्यांच्या पोरीने अडवला. शेवटची पेनल्टी धुळ्याच्या एका बारक्या, काळ्यासावळ्या पोरीची. तिचा डावा मोजा घसरलेला होता. तो वर ओढायला ती वाकली आणि मला क्षणभर हसू आलं. ऋतुजा डावीकडे झेपावली. बॉल उजवीकडून गेला, अजिबात घाई नसल्यासारखा.

धुळ्याच्या पोरींनी त्या बारकीला उचललं, मग ढालीला. तुटक्या किरणाची ढाल एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर गेली. ऋतुजा गवतात पालथी पडून होती. तिची आई इथे असती तर धावली असती. मी खुर्चीतून उठले, काठी टेकत तिच्यापर्यंत गेले. फार वेळ लागला, त्यामुळे तिचं बरंचसं रडून झालं होतं.

"झालं समाधान?" ती मातीत तोंड ठेवून म्हणाली.

"हरलीस तू."

"माहितीये."

"उजवीकडे जायला हवं होतंस."

"माहितीये, आजी."

"बरं झालं. मला अजून माहीत नाही, त्या वर्षी काय झालं ते."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, नाकाला माती लागलेली. हसली नाही. मीही तशी अपेक्षा केली नव्हती.

मैदान रिकामं व्हायला लागलं. शेंगावाल्याने कंदिलाऐवजी बॅटरीचा दिवा लावला. गाड्यांजवळ माझी दोन्ही मुलं उभी होती. माझी बॅग एका डिकीतून निघाली होती आणि दुसऱ्या डिकीत गेली नव्हती. दोघांच्या मधे, जमिनीवर, शालीच्या पुड्यासकट. बोलणं अधिक महिन्यावर आलं होतं.

"यंदा अधिक ज्येष्ठ होता, दादा," अनिल सांगत होता. "आई सात महिने होती आमच्याकडे. तर या वेळी पाडव्याला नाही, एक महिना पुढे सोड."

"अधिक काय आम्ही आणला का?"

"पण तो नेहमी आमच्याच वाट्याला येतो. पाडवा ते दसरा यातच पडतो. तुझ्याकडे कधी आलाय सांग. घरात ही म्हणते, धोंडा कायम आपल्याच गळ्यात."

अधिकाला धोंड्याचा महिना म्हणतात, म्हणून सून तसं म्हणाली. महिन्यालाच म्हणाली असणार.

मला बघून दोघे थांबले. "काही नाही, आई, हिशेब चाललाय," सुनील म्हणाला.

"तो मीच शिकवलाय," मी म्हटलं. "ऋतुजा, बॉल आहे का गं तुझ्याकडे?"

तिच्या पिशवीत होता. मी दोघांना फक्कीच्या त्या पुसट ठिपक्यापाशी नेलं. "हे बघा. आत्ता या पोरींनी सोक्षमोक्ष लावला. तुम्ही लावा. एकेक पेनल्टी. जो गोल मारील, त्याच्याकडे मी कायमची. पाडवा नाही, दसरा नाही, अधिक नाही. चुकला तो सुटला."

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा थांबले.

"काहीतरीच, आई," अनिल म्हणाला.

"काका, मार ना," ऋतुजा म्हणाली. ती गोलमध्ये जाऊन उभी राहिली होती, हात मागे बांधून. "मी अडवणार नाही. कोणालाच. प्रॉमिस."

आता माघार घ्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. सुनीलने चष्मा सारखा केला, बूट मातीत घासला. लहानपणी पहूरला आजोळी गेला की हा पोरगा याच्या दुप्पट लांबून मारून मारुतीच्या देवळाची घंटा वाजवायचा. पुजारी घरी भांडायला यायचे. तो दोन पावलं मागे गेला आणि मारला. बॉल पोस्टच्या बऱ्याच वरून, टाकीच्या दिशेने गेला. "सवय गेली," तो म्हणाला.

ऋतुजा जाऊन बॉल घेऊन आली. ठिपक्यावर ठेवला. पुन्हा गोलमध्ये उभी राहिली, हात मागे.

अनिलने जास्त वेळ घेतला. तो पहिल्यापासून विचारी. त्याने मारला तो जमिनीलगत, हळू, पोस्टच्या बाहेरून, अंगणातून गाय हळूच बाहेर जावी तसा. कोणी थांबवलं असतं तर थांबलाही असता.

ऋतुजा जागची हलली नव्हती. तिने बापाकडे बघितलं, मग काकाकडे. मग एकेक बोट मोकळं करत हातमोजे काढले.

शेंगांचा वास आता करपट यायला लागला होता. मी बॅग उचलायला वाकले, तेव्हा दोघेही एकदम पुढे धावले, आणि दोन बाजूंनी दोन बंद धरून उभे राहिले.

"बरोबरी," मी म्हटलं. "चला, गाडी काढा. पाळी कोणाची आहे?"